‘बंद आहे’ हे कुणी तपासलं?

आमच्या उस्तादांच्या खाकी पँटचा उजवा खिसा कायम फुगलेला असायचा. कुठल्याही मशीनवर हात घालण्याआधी ते मेन बोर्डापाशी जात, तिन्ही फ्यूज उपसत आणि ते चिनी मातीचे जड कॅरिअर खिशात टाकत. काम संपेपर्यंत ते खिशातून निघत नसत. मधे जेवायची सुट्टी झाली तरी मांडीला टोचणाऱ्या त्या फ्यूजसकट ते डबा खायला बसत. मी तेव्हा आयटीआयमधून वीजतंत्रीचा कोर्स करून नुकताच कामाला लागलो होतो. एकदा विचारलं, “उस्ताद, फ्यूज तिथेच बोर्डावर ठेवले तर काय बिघडलं?” ते म्हणाले, “तिथे ठेवले की येणाराजाणारा बसवतो. माझ्या खिशात हात घालायची कुणाची हिंमत नाही.”

या बोलण्याचा अर्थ मला चार वर्षांनी, दुसऱ्या एका कारखान्यात कळला. रात्रपाळी संपत आली होती. एका वायरमनने फ्यूज काढून पॅनेलच्या डोक्यावर ठेवले आणि चाळीस फुटांवरच्या स्टार्टरमध्ये तो वाकून काम करत होता. पाळी बदलली. नव्या पाळीच्या ऑपरेटरला मशीन बंद दिसलं, फ्यूज काढून ठेवलेले दिसले, आणि आपण काही चांगलं करतोय अशाच भावनेने त्याने ते बसवले. वायरमन गेला. तो ऑपरेटर पुढे बरीच वर्षं माझ्या ओळखीत होता. पॅनेलच्या खोलीत तो परत कधी गेला नाही.

लहान आणि मध्यम कारखान्यांचे मालक, शिफ्ट सुपरवायझर आणि प्रत्यक्ष हत्यार हातात धरणारे वायरमन यांच्यासाठी हा लेख लिहितो आहे. तीस वर्षं या कामात काढल्यावर माझी खात्री झाली आहे, की विजेचे बहुतेक अपघात ‘बंद आहे’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवल्याने होतात. कुणीतरी सांगतं, दिवा विझलेला दिसतो, बटण लाल झालेलं असतं आणि माणूस हात घालतो.

आधी करंटचा हिशेब

आपल्याकडे सिंगल फेजचा दाब २३० व्होल्ट. हात कोरडा असेल तर एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत शरीराचा रोध साधारण हजार ते दोन हजार ओहम धरतात. घामाने किंवा पाण्याने ओल्या अंगाचा त्याहून कमी. हजार धरला तरी २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर करंट शरीरातून जातो. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब साधारण एवढाच करंट खातो.

किती करंटला काय होतं, याचा अभ्यास अमेरिकेतल्या बर्कले इथले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून केला होता. हातात धरलेली तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांमध्ये साडेदहा निघाली. त्यापुढे स्नायू आवळतात आणि माणूस तारेला ‘चिकटतो’. सुमारे ३० मिलिअँपिअरच्या पुढे, तोही काही क्षण टिकला, तर हृदयाचे ठोके विस्कटण्याचा धोका सुरू होतो. आता पॅनेलमधला १६ अँपिअरचा एमसीबी आठवा. १६ अँपिअर म्हणजे १६ हजार मिलिअँपिअर. माणूस मरण्याएवढा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो. एमसीबी आणि फ्यूज केबल जळू नये म्हणून बसवलेले असतात. ‘एमसीबी आहे ना, ट्रिप होईल की’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. मी दाखवतो.

बंद, कुलूप, पाटी, तपासणी

उस्तादांचा खिसा आज लाल कुलपाच्या रूपात बाजारात मिळतो. इंग्रजीत त्याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात आणि मोठ्या कंपन्यांमध्ये ते सक्तीचं असतं. दहा-वीस माणसांच्या शेडमध्ये मात्र ‘आपल्याला कशाला एवढं’ म्हणून सोडून दिलेलं दिसतं. खरं तर गरज तिथेच जास्त आहे. मोठ्या कंपनीत तीन विभागांच्या सह्या लागतात, छोट्या शेडमध्ये मालकाची एक हाक पुरते.

प्रत्येक वायरमनला आणि मशीनच्या पोटात हात घालणाऱ्या प्रत्येक फिटरला स्वतःचं कुलूप द्या. त्याची किल्ली एकच असावी आणि ती त्याच्याच खिशात असावी. एमसीबी आणि आयसोलेटरला लावायचे छोटे क्लिप मिळतात, आणि एकाच स्विचवर चार-सहा जणांची कुलपं बसतील असं कडंही मिळतं; त्याला हास्प म्हणतात. एका मशीनवर वायरमन, फिटर आणि वेल्डर असे तिघे काम करत असतील तर हास्पवर तिघांची तीन कुलपं हवीत. शेवटचा माणूस आपलं कुलूप काढेपर्यंत ते मशीन कुणालाच चालू करता येत नाही. अशा संचाचा खर्च एक मोटर रिवाइंड करण्याच्या खर्चापेक्षा कमी येतो. कुलपाबरोबर पाटी टांगायची: नाव, फोटो, कशाचं काम, किती वाजल्यापासून. पाळी बदलताना काम अर्धवट असेल तर जाणाऱ्याने येणाऱ्याच्या समोर कुलूप काढायचं आणि येणाऱ्याने त्याच मिनिटाला आपलं लावायचं. कुलूप लावून कुणी घरी निघून गेला तर त्याला फोन करून बोलवा. करवतीने कुलूप कापण्याची वेळ आलीच, तर ते मालकाने किंवा मॅनेजरने स्वतः मशीनभोवती फिरून, तिथे कुणी नाही हे पाहून, लेखी नोंद करून कापावं.

कुलूप कुठे लावायचं याबद्दलही फार गोंधळ असतो. मशीनवरचं लाल मशरूमसारखं इमर्जन्सी बटण दाबून काम सुरू करणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. ते बटण फक्त कंट्रोलची सप्लाय तोडतं. कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटले असतील तर बटण दाबलेलं असूनही मोटरवर लाइन राहते. शिवाय कॉन्टॅक्टरच्या वरच्या बाजूला तीनही फेज जिवंतच असतात. त्यामुळे कुलूप मेन आयसोलेटरला किंवा त्या फीडरच्या एमसीसीबीलाच लावायचं.

एकच स्विच पाडून मशीन पूर्ण मेलं, असंही हल्ली क्वचित घडतं. शेजारच्या पॅनेलमधून इंटरलॉकसाठी आलेली २३० व्होल्टची एखादी कंट्रोल वायर टर्मिनल पट्टीवर बसलेली असते. पॉवर फॅक्टरसाठी बसवलेले कपॅसिटर सप्लाय गेल्यावरही चार्ज धरून ठेवतात. त्यांचा डिस्चार्ज रेझिस्टर जळलेला असेल तर कितीही वेळ थांबलात तरी तो चार्ज तिथेच असतो. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, त्याच्या आतल्या डीसी बसवर साडेपाचशे ते सहाशे व्होल्ट असतात. डिस्प्ले विझला म्हणजे ते गेले असं नाही. ड्राइव्हच्या झाकणावर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं. तेवढं थांबा आणि मग डीसीवर मीटर लावून बघा.

गेल्या काही वर्षांत शेडच्या पत्र्यावर सोलर पॅनेल आले आहेत. त्यांचा एक गुण प्रत्येक वायरमनला माहीत असायलाच हवा: ऊन आहे तोवर पॅनेलमधून इन्व्हर्टरकडे येणारी डीसी केबल जिवंत असते, काहीशे व्होल्टने. मेन स्विच पाडला, महावितरणची लाइन गेली, तरी ती केबल मरत नाही. पत्र्यावर गळती काढायला चढणाऱ्या माणसाला हे आधी सांगा.

आणि जनरेटर. लाइन गेलेली असताना ‘आता गेलीच आहे तर हात मारून घेऊ’ म्हणत काम उरकण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारच्या सुट्टीला देखभालीची कामं निघतात, तेव्हाही हेच होतं. गेलेली लाइन कुणाला विचारून परत येत नाही. चेंजओव्हर नीट नसेल तर तुमचा किंवा शेजाऱ्याचा जनरेटर उलट्या वाटेने त्याच तारेत वीज ढकलतो. खांबावर चढलेला महावितरणचा लाइनमन त्याने मरू शकतो, हेही ध्यानात ठेवा. चेंजओव्हर स्विच यांत्रिक इंटरलॉकचाच हवा. एकाच वेळी दोन्ही बाजू लागूच शकणार नाहीत असा.

कुलूप लावून झालं की तपासणी, आणि ती स्क्रू ड्रायव्हरसारख्या निऑन टेस्टरने करायची नाही. हे वाचून अनेक जुन्या वायरमन मंडळींना राग येईल. पण तो टेस्टर तुमच्याच शरीरातून करंट जमिनीत नेऊन पेटतो. तुम्ही लाकडी स्टुलावर किंवा रबरी मॅटवर उभे असाल तर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. उन्हात पेटलेला दिसत नाही. आतला रेझिस्टर खराब असेल तर शॉकही देतो. टेस्टर पेटला नाही एवढ्यावरून लाइन मेली आहे असं ठरत नाही. चांगला मल्टिमीटर घ्या, त्याच्यावर कॅट थ्री किंवा त्यावरचा दर्जा लिहिलेला असावा. आधी तो एखाद्या जिवंत ठिकाणी लावून चालतोय का बघा. मग ज्यावर काम करायचं ते टर्मिनल तपासा: तिन्ही फेज आपापसांत, प्रत्येक फेज न्यूट्रलशी, प्रत्येक फेज अर्थिंगशी. मग परत त्या जिवंत ठिकाणी जाऊन मीटर अजून शाबूत आहे ना ते बघा. या शेवटच्या पायरीला लोक हसतात. मीटरची तार मधल्या मधे तुटून शून्य दाखवत राहिल्याचं मी स्वतः दोनदा पाहिलं आहे. आणखी एक काळजी: अँपिअर मोजून झाल्यावर लाल प्रोब त्याच भोकात विसरू नका. तसाच तो दोन फेजवर टेकवला तर हातातच स्फोट होतो.

जिवंत पॅनेलजवळ काम करणं टाळताच येत नसेल, तर त्या स्फोटाचाही विचार करा. दोन बसबारच्या मध्ये पाना पडला, पाल शिरली, की ठिणगीचा जो लोळ उठतो त्याचं तापमान वीस हजार अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकतं. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तिपटीहून जास्त. राल्फ ली या अभियंत्याने १९८२ साली यावर निबंध लिहिला, तोवर शॉकखेरीजचा हा दुसरा धोका उद्योगजगताने गांभीर्याने मोजलेला नव्हता. मोठा स्विच चालू-बंद करताना पॅनेलचं दार लावलेलं असावं, माणूस समोर न उभा राहता बाजूला उभा असावा, तोंड वळवलेलं असावं. टेरिकॉट-पॉलिस्टरचा युनिफॉर्म वितळून कातडीला चिकटतो, म्हणून वायरमनला जाड सुती कपडे द्या. हातात अंगठी, कडं, गळ्यात साखळी नको. मनगटाचा गंडादोरा तेवढ्यापुरता काढायला लावताना मला संकोच वाटायचा, पण स्टीलचं कडं असेल तर मी हट्टाने काढायला लावतो.

अर्थिंग आहे, मग शॉक कसा?

हा प्रश्न मला दरवर्षी पावसाळ्यात कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर एका उदाहरणाने सांगतो. समजा तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे आणि महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरचा १ ओहम. मोटरच्या आत फेजची वायर बॉडीला टेकली. करंट तुमच्या खड्ड्यातून मातीत आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरकडे जाणार: २३० भागिले ६, म्हणजे सुमारे ३८ अँपिअर. मागे एमसीबी ६३ अँपिअरचा आहे. तो पडणार नाही. मोटरच्या बॉडीवर ३८ गुणिले ५, म्हणजे जवळजवळ १९० व्होल्ट उभे राहतील आणि कुणी हात लावेपर्यंत तसेच राहतील. अर्थिंग होतं, खड्ड्याचा आकडाही कागदावर चांगला होता.

म्हणून आरसीसीबी हवा. याला आपण अजून सवयीने ईएलसीबी म्हणतो. जाणारा आणि येणारा करंट यांत फरक पडला की तो पडतो. माणसाच्या हातात येणाऱ्या सगळ्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा लावा, मोठ्या फीडरवर १०० किंवा ३००चा. वरच्या उदाहरणातले ३८ अँपिअर त्याला डोळ्याची पापणी लवण्याआधी पाडतील. त्याच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. दाबून पडला नाही तर तो शोभेचा आहे, बदला. पाऊस सुरू झाला की आरसीसीबी सारखा पडतो म्हणून त्याला बायपास करणारे कारखाने मी मोजायचं सोडून दिलं आहे. तो पडतो याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. एकेक सर्किट सुटं करून ५०० व्होल्टच्या मेगरने मोजा. रोध एक मेगओहमच्या खाली असेल तर तीच तुमची ओली मोटर किंवा सोललेली केबल. आरसीसीबीची मर्यादाही सांगून ठेवतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर त्याला काही कळत नाही, कारण तुम्ही त्याच्या दृष्टीने एक साधा बल्ब असता.

अर्थिंगचा रोध कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी मोजायचा असतो. जुलैत मोजलेला आकडा छान येतो, तो पावसाने दिलेला असतो. एप्रिल-मे महिन्यात मोजा, तारीख घालून वहीत लिहा, उन्हाळाभर खड्ड्यात पाणी ओता. मोटर आणि जनरेटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत असा नियम आहे, कारण एक तुटलं तर दुसरं असावं. दोन्ही पट्ट्या एकाच बोल्टखाली आवळून ठेवल्या तर तो बोल्ट गंजला की दोन्ही गेल्या. अर्थिंग मिळत नाही म्हणून थ्री-पिन सॉकेटमधला अर्थ आणि न्यूट्रल एकमेकांना जोडून टाकण्याची जी युक्ती चालते, ती बंद करा. मागे कुठेही न्यूट्रल तुटला की ड्रिल मशीनच्या बॉडीवर थेट फेज येतो.

ओली जमीन, सुती धूळ आणि पाली

प्रत्येक धंद्याची जोखीम वेगळी असते, ती आपापली ओळखावी. रत्नागिरीकडच्या मासळी प्रक्रियेच्या आणि बर्फाच्या कारखान्यांत जमीन बाराही महिने ओली आणि हवा खारी, तिथे साधे सॉकेट टिकतच नाहीत. पाण्याच्या फवाऱ्याला दाद न देणारे, आयपी ६५ किंवा वरच्या दर्जाचेच घ्या. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागांच्या शेडमध्ये सुताचे बारीक तंतू पॅनेलमध्ये गादीसारखे साचतात आणि एका सैल जोडाच्या उष्णतेने पेट घेतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीमध्ये धुळीत कार्बन असतो, तो स्वतःच वीज वाहतो. अशा पॅनेलवर कॉम्प्रेसरची हवा मारली तर ती धूळ बसबारच्या मागे जाऊन बसते. सप्लाय बंद करून, कुलूप लावून, व्हॅक्यूमने ओढून काढा.

पॅनेलच्या तळाला केबलसाठी पाडलेली आणि रिकामी राहिलेली भोकं बुजवा. उंदीर आणि पाली तिथूनच आत येतात, आणि एक पाल सगळा कारखाना बंद पाडू शकते. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीवर थेट आवळू नका, बायमेटलिक लग वापरा. लगजवळचं इन्सुलेशन काळं पडलंय, पीव्हीसी जळल्याचा वास येतोय, एकच फेज शेजारच्या दोन्हींपेक्षा गरम आहे, ही जोड सैल झाल्याची लक्षणं. इन्फ्रारेड तापमापीने लांबूनच बघता येतं.

पॅनेलसमोर किमान एक मीटर जागा मोकळी हवी. मागच्या बाजूला उघडे जोड असतील तर भिंतीपासूनचं अंतर एक तर २० सेंटिमीटरहून कमी असावं, नाही तर ७५ सेंटिमीटरहून जास्त. या विचित्र वाटणाऱ्या नियमामागे साधा विचार आहे: मागे माणूस एक तर शिरूच नये, किंवा शिरला तर सहज बाहेर पडावा. प्रत्यक्षात पॅनेलची खोली म्हणजे रिकामे ड्रम, जुने पंखे, झाडू आणि चपलांची जागा झालेली असते. तुमच्या कारखान्यात आज तिथे काय ठेवलंय ते जाऊन बघा. समोर रबरी मॅट असेल तर ती आयएस १५६५२ या मानकाची आहे का, तेही त्याच फेरीत बघून घ्या. दारात अंथरायची काळी रबरी चटई या कामाची नाही.

तात्पुरती कामं हा तर वेगळाच विषय. सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून बसवलेली उघडी वायर, टेप गुंडाळलेले जोड, फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार. यातल्या एकेका गोष्टीवर पानभर लिहिता येईल, पण तुम्हाला ते सगळं माहीत आहे. एक नियम करा: सॉकेटला थ्री-पिन टॉपशिवाय काहीही लागणार नाही, आणि हातातल्या प्रत्येक ड्रिल-ग्राइंडरची वायर सोमवारी सकाळी सुपरवायझर हाताने चाचपून बघेल. गणपतीच्या आणि सत्यनारायणाच्या रोषणाईलाही हाच नियम लावा. खंडेनवमीला आपण यंत्रं पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून पूजा करतो. त्या दिवशी सगळं बंदच असतं, तेव्हा पूजेआधी प्रत्येक पॅनेल उघडून जोड आवळून घेण्याची प्रथा आमच्याकडे आम्ही पाडली. नारळ मात्र पॅनेलसमोर फोडू देत नाही, दाराबाहेर फोडतो.

टाकी, बॉयलर, पाइप, खड्डा अशा कोंदट जागेत उतरताना हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको, हे कारखाने अधिनियम १९४८ मध्येच लिहिलेलं होतं. तो देणारा ट्रान्सफॉर्मर दोन वेगळ्या वाइंडिंगचा असावा आणि टाकीच्या बाहेर ठेवावा. वेल्डरकडेही लक्ष द्या. साध्या वेल्डिंग मशीनच्या टोकांवर ठिणगी पडण्याआधी सत्तर-ऐंशी व्होल्ट असतात. मे महिन्यात घामाने निथळणारा, लोखंडी टाकीत गुडघे टेकून बसलेला माणूस ओल्या हातमोज्याने रॉड बदलतो तेव्हा तेवढे पुरतात. कोरडे हातमोजे, बसायला कोरडी फळी, बाहेर स्विचजवळ एक माणूस, एवढं तरी हवंच.

शिडी आणि उघडी तार यांबद्दल थोडक्यात. शेडशेजारून ११ केव्हीची लाइन जात असेल तर तिथे ॲल्युमिनियमची शिडी, लोखंडी परांची, लांब सळया आणि पत्रे उभे धरून नेऊ नका. क्रेन किंवा डंपर तारेला लागला तर चालकाने आतच बसून राहावं आणि बाकीच्यांनी लांब व्हावं. गाडी पेटली तरच उतरायचं, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून आणि गाडीला हात न लावता. पुढेही पाय जोडलेलेच ठेवून छोट्या उड्या मारत लांब जायचं.

हे सगळं कुणी करायचं? विजेचं काम राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना असलेल्या माणसानेच करायचं असतं. हेल्परने नाही, ‘थोडंफार येतं’ अशा ऑपरेटरनेही नाही. आणि धोक्याच्या पाट्या आपल्या मजुरांच्या भाषेत लावा. मराठी आणि इंग्रजी पाट्या असतात, पण रात्रपाळीला मशीनवर उभा असलेला मुलगा ओडिशाचा किंवा बिहारचा असतो. पाटीखाली दोन ओळी हिंदीत, ओडियात लिहून घ्या. पहिल्या दिवशी त्याला मेन स्विच कुठे आहे ते बोट धरून दाखवा.

कुणी चिकटला तर

पहिली पाच मिनिटं तुमची असतात, डॉक्टरांची नाहीत. धावत जाऊन त्याला धरू नका, धरणाराही चिकटतो. स्विच पाडा. स्विच सापडत नसेल तर कोरडं लाकूड किंवा कोरडा पीव्हीसी पाइप घेऊन, कोरड्या जागी उभं राहून तार किंवा माणूस बाजूला ढकला. हे फक्त ४०० व्होल्टच्या आतल्या लाइनबाबत. ११ केव्हीच्या जवळ जाऊच नका, १९१२ वर फोन करून लाइन बंद झाल्याची खात्री झाल्यावरच पुढे व्हा.

माणूस सुटला आणि हाकेला ओ देत नाही, श्वास थांबलाय किंवा धापा टाकल्यासारखा अडखळतोय, तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी छाती दाबायला सुरुवात करायची. कडक जमिनीवर उताणा झोपवा, छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवा, कोपरं ताठ, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. शिकलेला असाल तर तीस दाबांनंतर दोन श्वास. नसाल तर नुसतं दाबत राहा. दमायला होतं, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. अंगावर माती घालणं, तोंडात पाणी घालणं, तळपाय चोळत बसणं यात जाणारं प्रत्येक मिनिट त्याच्या जगण्याची आशा कमी करतं.

ही छाती दाबण्याची रीत ज्यांच्या संशोधनातून आली त्या त्रिकुटातले ज्येष्ठ विल्यम काउवेनहोव्हन हे डॉक्टर नव्हते, आपल्यासारखे विजेचे अभियंते होते. तारांवर काम करणारे लाइनमन शॉकने मरत होते, म्हणून वीज कंपन्यांनी त्यांच्या संशोधनाला पैसा दिला. जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जॉन्स हॉपकिन्समधून १९६० साली ती जगापुढे मांडली. आपल्या धंद्यातल्या माणसाने आपल्या धंद्यातल्या माणसांसाठी शोधलेली ही गोष्ट आपल्याच वायरमनना येत नसेल तर मला फार वाईट वाटतं. दर वर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, बॅज लावून शपथ घेतली जाते. त्यातला अर्धा तास काढा आणि प्रत्येक कामगाराला पुतळ्यावर किंवा घट्ट उशीवर छाती दाबायला लावा.

शॉक लागूनही उठून बसलेल्या, ‘काही नाही झालं’ म्हणणाऱ्या माणसालाही दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढा. हृदयाची लय नंतर बिघडू शकते. बाहेर रुपयाएवढा डाग दिसत असला तरी आतले स्नायू जळलेले असू शकतात.

अपघात झाल्यावर पॅनेल आवरायला, तार गुंडाळायला, स्विचची जागा बदलायला कुणाला देऊ नका. फोटो काढा, कोणता स्विच कुठल्या स्थितीत होता ते लिहून ठेवा आणि २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकांना कळवा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवा. निरीक्षक पाहून जाईपर्यंत तो फीडर बंद ठेवा, त्याला कुलूप लावा, आणि किल्ली तुमच्या स्वतःच्या खिशात ठेवा.